गुरुजी, दानाचं नंतर बघू. आधी ठेव मोडा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. वय ६३, पेन्शन महिना ३८ हजार. निवृत्तीचे २४ लाख एकाच सौहार्द संस्थेत (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था), आठ-आठ लाखांच्या तीन पावत्या, व्याज ११.५ टक्के. त्या व्याजातले वर्षाला १ लाख कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांच्या शिक्षणासाठी द्यायची त्यांची इच्छा आहे. एका ट्रस्टचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. दारात पिग्मी गोळा करायला येणारा एजंटच त्यांचं रिटर्न भरतो. तो म्हणतो, ‘जुन्या करप्रणालीत जाऊ, लाखाचा लाख टॅक्स फ्री.’ गुरुजींना एवढंच हवंय: पैसे ऑनलाइन पाठवणं सुरक्षित आहे का, आणि कर किती वाचेल?

गुरुजी, कराचं आधी उरकतो. पेन्शन साडेचार लाख, व्याज पावणेतीन लाख, मिळून सव्वासात लाखांच्या आसपास. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे तुमचा कर आज शून्य आहे. नव्या प्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि तुम्हाला तिची गरजही नाही. जुन्या प्रणालीत गेलात आणि दुसरी काही वजावट नसेल, तर कर होतो ४८ हजार. बहुतेक ट्रस्टना दिलेली देणगी उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते, आणि त्यातलीही निम्मीच रक्कम वजा होते. तुमच्या लाखातले जेमतेम ३४ हजार वजा होतील आणि वाचेल ७ हजार. थोडक्यात, ७ हजार वाचवण्यासाठी ४८ हजारांचा कर ओढवून घ्यायचा. यापुढे या माणसाकडून रिटर्न भरून घेऊ नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की सौ.च्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ६० हजार काढायला गेलात तेव्हा मॅनेजर म्हणाले, ‘मार्चनंतर बघू,’ आणि मग तुम्ही मुलाकडून पैसे घेतलेत. तुम्ही ते दोन ओळींत संपवलंय, मला मात्र सगळ्या पत्रात तेवढंच दिसतंय. २४ लाखांच्या ठेवीदाराला ६० हजार देता येत नसतील, तर संस्थेकडे रोकड नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज कापलं असतं तर समजू शकलो असतो, पण तारीखच पुढे ढकलणं हे फार वाईट लक्षण आहे.

पत्रात तुम्ही तिला सतत ‘बँक’ म्हणता. सोबत पाठवलेल्या पावतीवर ‘सौहार्द सहकारी नियमित’ असं छापलंय. ती बँक नाही. बँक बुडाली तर, मग ती सहकारी का असेना, ठेव विमा महामंडळाकडून दर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत मिळतात. सौहार्द संस्था आणि पतसंस्थांच्या ठेवींना तो विमा लागू नाही. ‘चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत, दरवर्षी सभेला लाडू वाटतात’ असं तुम्ही लिहिता. त्याऐवजी त्या सभेतला अहवाल उघडा. ऑडिटचा वर्ग कोणता, थकीत कर्ज किती, संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय, ते बघा. निपाणी-चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत आपल्या भागात निवृत्तीचा पैसा याच दाराने जातो, कारण माणूस ओळखीचा असतो आणि व्याज तीन टक्के जास्त असतं.

त्या तीन टक्क्यांचा हिशेब करू. २२ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ठेवलेत, तर वर्षाला १ लाख ८० हजार मिळतात, दर तिमाहीला ४५ हजार. उरलेले २ लाख राष्ट्रीयीकृत बँकेच्या एफडीत, दवाखान्यासाठी. आजच्यापेक्षा उत्पन्न वर्षाला सुमारे ८० हजारांनी कमी होईल, आणि तेच तुम्हाला टोचेल. पण मुद्दल गेलं, तर वर्षाच्या या ८० हजारांतून ते भरून यायला ३० वर्षं लागतील. तुम्ही आज ६३ वर्षांचे आहात.

तेव्हा एप्रिलमध्ये मुदत संपणारी पावती रिन्यू करू नका. ‘अर्धा टक्का वाढवून देतो’ म्हणाले, तर उलट जास्त घाई करा. बाकीच्या दोन पावत्या मोडण्याचा लेखी अर्ज शाखेत आणि मुख्य कार्यालयात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. टाळाटाळ झाली, तर संस्था राज्यातली असल्यास सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करा, बहुराज्य असल्यास दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. तोंडी बोलण्यात आता एक दिवसही घालवू नका.

राहिलं दान. ते थांबवा असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांचे शाळेसाठी काय हाल होतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्यूआरवर पैसे पाठवू नका. ट्रस्टचा पॅन मागा, आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासा. पुढेमागे तुम्हाला वजावट लागणार नसली, तरी नोंदणी नसलेल्या ट्रस्टला कशाला द्यायचं? खातं ट्रस्टच्याच नावावर हवं. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं, तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. रोख देऊ नका; ८०जीसाठी २ हजारांवरची रोख देणगी तशीही चालत नाही. देणगीनंतर फॉर्म १०बीईचं प्रमाणपत्र मागा. खरी संस्था ते खळखळ न करता देते. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करा.

रक्कम मात्र लाख नको. पैसे हातात येईपर्यंत पेन्शनमधून महिना २ हजार द्या, आणि पोस्टाचं पहिलं तिमाही व्याज खात्यात जमा झालं की ४ हजार करा. त्याआधी मुलाचे ६० हजार परत करा.