अकरावीला आहे, कोल्हापूर. घातांकी समीकरणाचं लॉग रूप करताना कुठली संख्या कुठे जाते?

पाया पायाच राहतो, घातांक एकटा बरोबरच्या पलीकडे जातो आणि उत्तराची संख्या लॉगच्या पुढे बसते: २^५ = ३२ म्हणजेच लॉग(पाया २) ३२ = ५. कारण लॉगची व्याख्याच तशी आहे. 'पायाचा कितवा घात केला की ही संख्या मिळते?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे लॉग. त्यामुळे लॉगची किंमत हा नेहमी घातांकच असतो. उलट जातानाही हेच: लॉग(पाया ३) क्ष = ४ असेल तर क्ष = ३^४ = ८१.

रूप बदलण्याआधी घात एकटा करा. ५ × २^क्ष = ४० मध्ये आधी ५ ने भागा, २^क्ष = ८, मग क्ष = ३. इथे घाई करून ५ × २ = १० हा पाया धरतात आणि सगळं गणित बिघडतं.

समजा, महाद्वार रोडवरच्या एखाद्या पतसंस्थेत ८ टक्के वार्षिक चक्रवाढीने ठेव ठेवली. दुप्पट कधी? १.०८^न = २, म्हणून न = लॉग(पाया १.०८) २; पाया बदलून १० केला की न = लॉग २ ÷ लॉग १.०८ = ०.३०१० ÷ ०.०३३४, म्हणजे साधारण ९ वर्षं. हा दोन लॉगचा भागाकार आहे, लॉग(२ ÷ १.०८) नव्हे.

एक अट मात्र पाळायची: पाया धन हवा आणि १ नको, लॉगमधली संख्याही धनच हवी. (−२)^३ = −८ हे खरं असलं तरी वास्तव संख्यांत त्याचं लॉग रूप लिहिता येत नाही.