पहिली जुनी जीप घेताना

महिंद्राची सीजे ३बी किंवा एमएम ५४०, दोन्ही नवशिक्याला चालतील. फक्त रंग आणि टायर बघून भुलू नका. आधी आरसी मागा आणि चॅसिसवर (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कोरलेला नंबर स्वतः ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल तर त्याचीही नोंद हवी.

मग गोणपाट टाकून सरळ गाडीखाली शिरा. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, चॅसिसमध्ये चिखल साचतो, ओल धरतो आणि लोखंड आतून कुजतं. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर ती गाडी सोडा. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्रा नवा ठोकता येतो. कुजलेली चॅसिस पहिल्या गाडीत नकोच.

घरी आणल्यावर सगळं एकदम खोलू नका, बहुतेक गाड्या तिथेच वर्षानुवर्षं अडकतात. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग वायरिंग, मग इंजिन. रंग अगदी शेवटी. खोलण्याआधी फोटो काढा, नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा.

आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील (चारही चाकांना ताकद) टाकू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) येतो. मातीत टाकून बघा, लो गिअर (जास्त ओढीचा, हळू चालवायचा) निसटत नाही ना.