राष्ट्रीय स्पर्धेच्या हजेरीवरून कॉलेज ठरवू नका

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी हायस्कूलच्या दहावीत आहे. जन्म इथलाच. शाळेच्या आणि क्लबच्या संघातून मिडफिल्डला लॅक्रॉस (जाळी लावलेल्या स्टिकने बॉल झेलायचा-फेकायचा मैदानी खेळ) खेळते. तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय आणि लॅक्रॉसही सोडायचं नाहीये. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत कोणतं कॉलेज किती वेळा खेळलं, याचा तक्ता तिच्या बाबांनी केला आणि त्यातली वरची दहा कॉलेजं निवडली. तिथे स्कॉलरशिप मिळाली की फीची चिंता मिटेल, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही, पण नेमकं का, ते मांडता येत नाही. आणि सासरे विचारतात, ही पुढे भारताकडून ऑलिंपिक खेळेल का? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या मिस्टरांनी मेहनत घेतली आहे. मुलीच्या खेळासाठी वडील रात्री बसून तक्ते करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या तक्त्यातून संघाचा इतिहास कळतो, तुमच्या लेकीला तिथे मैदानावर उतरायला मिळेल का हे कळत नाही. तुम्हाला जे खटकतंय ते हेच असावं.

आधी ही हजेरी लागते कशी ते पाहा. डिव्हिजन वनची, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटाची, महिलांची ही स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने घेतलं. अलीकडे २९ संघांना प्रवेश मिळतो. त्यातले निम्म्याच्या आसपास आपापल्या कॉन्फरन्सचे (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) विजेते म्हणून थेट येतात, बाकीचे निवड समिती घेते. त्यामुळे छोट्या कॉन्फरन्समधला एखादा संघ दरवर्षी आपली कॉन्फरन्स जिंकून येतो आणि पहिल्याच सामन्यात गारद होतो. उलट एसीसी किंवा बिग टेनसारख्या तगड्या कॉन्फरन्समधला, त्याहून चांगला संघ त्या वर्षी घरी बसलेला असू शकतो. तक्त्यात मात्र पहिल्याच्या नावापुढे एक आणि दुसऱ्याच्या नावापुढे शून्य लागतं.

दुसरं, हा लौकिक कॉलेजपेक्षा कोचच्या मागे जातो. मेरीलँडने १९९५ ते २००१ अशी सलग ७ विजेतेपदं मिळवली, तेव्हा कोच होत्या सिंडी टिमचल. पुढे त्यांनी अमेरिकी नौदलाच्या नेव्हल अकॅडमीचा संघ अगदी सुरुवातीपासून उभा केला, आणि २०१७ मध्ये तो संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत खेळला. त्यांच्याच हाताखाली मेरीलँडला खेळून १९९५ आणि १९९६ ची विजेतेपदं जिंकलेल्या केली अमॉन्टे हिलर पुढे नॉर्थवेस्टर्नला गेल्या. तिथला संघ विद्यापीठाने १९९२ मध्ये बंद केला होता, तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. लॅक्रॉस म्हणजे पूर्व किनाऱ्याचा खेळ, शिकागोजवळच्या कॉलेजला कोण विचारणार, असं तेव्हा बोललं जायचं. या बाईंनी कॅम्पसवर धावणाऱ्या दोन जुळ्या बहिणींना, ज्यांनी कधी स्टिक हातात धरली नव्हती, संघात घेतलं. २००५ मध्ये नॉर्थवेस्टर्न एकही सामना न हरता विजेतं झालं, आणि २००९ पर्यंत सलग ५ वेळा. २००२ साली कुणी असा तक्ता केला असता, तर नॉर्थवेस्टर्नचं नाव वरच्या दहात बहुधा आलं नसतं. आणि त्या वर्षी तिथे गेलेल्या मुलींना मैदान भरपूर मिळालं.

म्हणून मिस्टरांना एक वेगळं काम द्या. प्रत्येक कॉलेजच्या संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा. नाव, खेळण्याची जागा, वर्ष, गाव, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षणाचा विषयही दिलेला असतो. आज पहिल्या वर्षात असलेल्या मिडफिल्डर मोजा. तुमची लेक तिथे पोचेल तेव्हा त्या शेवटच्या वर्षात असतील. त्यांच्या मागून दरवर्षी किती मिडफिल्डर घेतल्या जातात ते गेल्या दोन-तीन वर्षांच्या रोस्टरवरून काढा. मग सामन्यांचे आकडे पाहा: पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या किती मुलींना खरोखर खेळायला मिळालं? ट्रान्सफर होऊन आलेल्या किती? बाहेरून तयार खेळाडू आणणारा संघ जिंकतो, पण हायस्कूलमधून थेट आलेली मुलगी तिथे बाकावर बसते.

आता विषयाचा रकाना. ३५ मुलींच्या संघात एकही इंजिनिअरिंगची नसेल, तर त्याला कारण असतं. डिव्हिजन वनमध्ये सीझन फेब्रुवारी ते मे असतो आणि सरावाची अधिकृत मर्यादा आठवड्याला २० तास. प्रवास त्यावर वेगळा. इंजिनिअरिंगच्या लॅब दुपारी असतात, बऱ्याच संघांचा सरावही दुपारीच. कोच ‘आमच्याकडे अभ्यासाला फार महत्त्व आहे’ असं म्हणणारच. तेवढ्यावर थांबू नका. ‘गेल्या वर्षी लॅबमुळे एखादी मुलगी सरावाला उशिरा आली, तेव्हा काय केलंत?’ असं विचारा, आणि जमलं तर संघातल्या इंजिनिअरिंगच्या मुलीशीच लेकीला बोलू द्या. तिथे तुम्ही दोघांनी नसावं.

पैशाबद्दल मी स्पष्टच लिहिते, कारण पालकांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका महिला लॅक्रॉस संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिपइतका पैसा देता यायचा, आणि तो तीस-पस्तीस मुलींत तुकडे करून वाटला जायचा. पूर्ण फी माफ झालेली मुलगी विरळाच. २०२५-२६ पासून, खेळाडूंना कॉलेजने थेट पैसे द्यायच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांवर ती मर्यादा राहिली नाही, पण संघात ३८ पेक्षा जास्त मुली ठेवता येत नाहीत. म्हणजे पैसा वाढेलच असं नाही. पूर्वी जास्तीच्या म्हणून सामावल्या जायच्या त्या मुलींच्या जागा मात्र गेल्या. प्रिन्स्टन, येल, पेन ही आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावरून. क्लब, टूर्नामेंट आणि हॉटेलांवर तुम्ही जो खर्च करताय तो स्कॉलरशिपच्या रूपाने परत येईल, हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

डिव्हिजन थ्री तुमच्या तक्त्यात नाहीच, आणि माझ्या मते तुमच्या लेकीचं कॉलेज बहुधा तिथेच सापडेल. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण अभ्यासावरची आणि गरजेवरची मदत मिळते. तुमच्या राज्यात पाहा. होबोकनचं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट मुळात इंजिनिअरिंगचं आहे आणि तिथे महिला लॅक्रॉसचा संघ आहे. यूइंगचं कॉलेज ऑफ न्यू जर्सी सरकारी आहे, म्हणजे तुम्हाला राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी. तिथेही इंजिनिअरिंग आहे. शेरॉन फ्लुगर यांच्या हाताखाली या कॉलेजने डिव्हिजन थ्रीची अनेक राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आहेत. राष्ट्रीय स्पर्धा खेळायचीच हौस असेल, तर ती इथेही पुरी होते. डिव्हिजन वन हवंच असेल तर रटगर्स यादीत ठेवा. १९९९ नंतर थेट २०२१ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. तुमच्या मिस्टरांच्या पद्धतीने त्यांचा नंबर खालीच लागणार. म्हणून ते वाईट ठरत नाही.

वेळ फार नाही. डिव्हिजन वनच्या कोचना अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी संपर्क साधता येत नाही. तोवर उत्तर आलं नाही तर मन खट्टू करून घेऊ नका, पण ईमेल आत्ताच जाऊ द्या. डिव्हिजन थ्रीवर असं बंधन नाही. ईमेल तुमच्या लेकीनेच लिहावा, तिच्याच पत्त्यावरून: कोणत्या वर्षी पदवीधर होणार, मार्क किती, कोणता विषय हवा, कोणत्या टूर्नामेंटला कोणत्या मैदानावर कोणत्या नंबरच्या जर्सीत खेळणार. सोबत व्हिडिओ. त्यात नुसते गोल भरू नका. मिडफिल्डरकडे कोच पाहतात ते ड्रॉच्या वेळी (मध्यावर बॉल टाकून खेळ सुरू होतो तेव्हा) ती कुठे उभी राहते, जमिनीवरचा बॉल गर्दीतून उचलते का, आणि स्वतःच्या हातून बॉल गेल्यावर मागे किती जोरात पळते. एका सामन्याचा सलग व्हिडिओही जोडा. डिव्हिजन वनच्या पात्रतेसाठी हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय पूर्ण लागतात, ते शाळेच्या काउन्सेलरकडून याच टर्ममध्ये तपासून घ्या.

सासऱ्यांना सांगा, प्रश्न आपल्या मुंबईशीच जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत झालं, त्यातच क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. पण तिथे सहा-सहा खेळाडूंचा छोटा प्रकार आहे आणि महिलांचे फक्त ६ संघ. शिवाय भारताकडून खेळायला भारताचं नागरिकत्व लागतं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट सोडायचा का, हा निर्णय लेकीने सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यावा. कॉलेजच्या यादीत तो आत्ता आणू नका.