शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं घरातलं हॅलोविन

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. ऑगस्टमध्ये नाशिकहून न्यू जर्सीत आलात, मुलगा पाच वर्षांचा, त्याला शेंगदाणे आणि काजू दोन्ही चालत नाहीत, वर्गात सगळी मुलं हॅलोविनचंच बोलताहेत, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या त्या सणाचं, ज्यात मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागतात आणि भोपळा मुखवट्यासारखा कोरून आत दिवा लावतात. त्याला दारोदार कँडी गोळा करायला पाठवायची तुम्हाला भीती वाटते आणि ‘घरीच काय करू, खायला काय करू, त्याला वेगळं पडल्यासारखं वाटायला नको’ असं विचारलंय. दहा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होते. लेक तेव्हा चार वर्षांची होती. शेंगदाणे, काजू, पिस्ते तिला तेव्हाही वर्ज्य होते, आजही आहेत.

पोशाख कुठे मिळतात, घर कसं सजवायचं यावर लिहीत नाही. कुठल्याही मोठ्या दुकानात शिरलात की ते समोरच दिसेल. मी लिहितेय ते आमच्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल, कारण ती घरातच झाली होती. ‘घरी आहोत म्हणजे सुरक्षित आहोत’ हे वाक्य तुमच्या पोस्टमध्ये दोनदा आलंय, तिथेच मी थांबले.

एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. खाली औषधाबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

तर त्या वर्षी आम्हीही बाहेर जायचं नाही असं ठरवलं. एका कंपनीचं चॉकलेट आमच्या घरात दोन वर्षं चालत होतं. त्याची मोठी वडी मी प्रत्येक वेळी पाकिटामागचं वाचून आणायचे, लेकीला कधी काही झालं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीच्या छोट्या, भोपळ्याच्या आकाराच्या चॉकलेटांची पिशवी दिसली. तोच रंग, तेच नाव. मी ती उचलली, घरी येऊन स्टीलच्या डब्यात ओतली आणि पिशवी कचऱ्यात टाकली. दोन वर्षांत न वाचता आणलेलं ते एकच पुडकं.

तिसरं चॉकलेट खाल्ल्यावर ती म्हणाली, “आई, ओठ चावतोय.” मग गळ्यावर गांधी उठल्या. मी अ‍ॅलर्जीच्या औषधाचं सरबत पाजलं आणि बघत बसले. तिला उलटी झाली, तेव्हा मला वाटलं की पोटातलं निघालं, आता बरं वाटेल. एपिनेफ्रिनचं पेन, म्हणजे गंभीर अ‍ॅलर्जीत मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, माझ्या पर्समध्ये, हाताच्या अंतरावर होतं. सुई टोचायची हिंमत होत नव्हती. वीस मिनिटं गेली. ती खोकायला लागली आणि तिचा आवाज बसला, तेव्हा नवऱ्याने माझ्या हातातून पेन घेऊन तिच्या मांडीत टोचलं आणि 911 ला, इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. रात्रभर दवाखान्यात ठेवलं. ती बरी झाली. पण इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलेला प्रश्न मला अजून ऐकू येतो: पेन जवळ होतं, मग थांबलात का?

घरी आल्यावर कचऱ्यातून ती पिशवी शोधली. मागे, घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो. मोठ्या वडीवर ती ओळ नव्हती.

म्हणून हे नीट समजून घ्या. एकाच नावाचं चॉकलेट मोठ्या वडीत वेगळं आणि छोट्या किंवा सणाच्या आकारात वेगळं असू शकतं. कधी घटक बदलतात, कधी ते दुसऱ्याच कारखान्यात, दुसऱ्याच यंत्रावर बनतं. अमेरिकेत 2004 च्या कायद्याने दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, सुका मेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन या आठ गोष्टी पदार्थात असतील तर छापाव्या लागतात. नववे तीळ 1 जानेवारी 2023 पासून आले. पण ‘अंश असू शकतो’ ही ओळ छापायची सक्ती नाही, ती कंपनीच्या मर्जीवर आहे. म्हणजे ती ओळ नसली तरी खात्री नाही. मी सरळ कंपनीला फोन करून विचारते की या मापाचं, या आकाराचं चॉकलेट दाण्यांच्या यंत्रावर बनतं का. बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळतं. नाही मिळालं तर ती वस्तू आमच्या घरात येत नाही.

दुसरं म्हणजे, आतल्या छोट्या गोळ्यांच्या वेष्टनावर बरेचदा घटक छापलेलेच नसतात, ‘सुटी विकण्यासाठी नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. सगळी माहिती बाहेरच्या पिशवीवर असते. एकदा डब्यात ओतलं की डब्यात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. मी आता पिशवीचा मागचा भाग कापून त्याच डब्यात ठेवते.

पेनबद्दल एवढंच, की तुमच्या डॉक्टरांकडून लेखी आराखडा घ्या, कोणती लक्षणं दिसली की टोचायचं तो, आणि फ्रिजवर लावा. गंभीर रिअ‍ॅक्शन सरबताने थांबत नाही, ते मी शिकले ते फार मोठी किंमत देऊन. पेन टोचल्यावर बरं दिसलं तरी 911 ला फोन करायचाच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो. पेनं जोडीने मिळतात, ती जोडी फोडू नका. शाळेला वेगळी जोडी मागून घ्या.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे या. आपल्या घरात शेंगदाणा कुठे नसतो? दाण्याचं कूट ज्या मिक्सरच्या भांड्यात केलं त्याच भांड्यात बिस्किटांसाठी साखर दळली, तर ते बिस्किट तुमच्या मुलासाठी नाही. झाकणाच्या रबरात कूट अडकून राहतं. मी वेगळं भांडंच घेतलं. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. हात सॅनिटायझरने पुसून शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणी लागतं, नाहीतर ओले वाइप्स. मोठ्या माणसांनीही हे पाळायचं. दिवाळी हॅलोविनच्या मागेपुढेच येते, 2024 मध्ये तर 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. आमच्याकडे पहाटे अभ्यंगस्नान झालं आणि संध्याकाळी भोपळ्यात दिवा लागला. अशा वर्षी चिवडा आणि हॅलोविनचा खाऊ एकाच ओट्यावर येतात, म्हणून मी चिवड्यात दाणे घालणंच सोडलं. डाळं घालते. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नाही, आता त्या स्वतःच पाहुण्यांना समजावून सांगतात. देशी दुकानातली मिठाई मात्र पूर्ण बंद. काजूकतलीच्या शेजारच्या ताटातला पेढाही नको, चिमटा एकच असतो.

खायला काय करायचं? माझं मत, परदेशी पाककृती शोधत बसू नका. लाल भोपळ्याचे घारगे करा. एक वाटी शिजवलेला भोपळ्याचा गर, पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ, वेलची आणि कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ. हे कोमट झालं की मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. जाडसर लाटून वाटीने गोल कापा, बाटलीच्या छोट्या झाकणाने दोन डोळे आणि सुरीने तोंड कापा. भोकांमुळे ते फुगत नाहीत, पण तळल्यावर रंग थेट भोपळ्याच्या मुखवट्याचा येतो. मुलाला डोळे कापायला द्या, तो त्यातच रमेल. भोपळ्याचा डबाबंद गर आणणार असाल तर घटकांत फक्त भोपळा आहे ना ते बघा. शेजारीच तशाच डब्यात ‘पाय फिलिंग’ असतं, त्यात साखर-मसाले आधीच घातलेले असतात, घारगे बिघडतात.

कोरायला जो मोठा भोपळा मिळतो तो पाणचट आणि रेषाळ असतो, घारग्यांना घेऊ नका. त्यासाठी छोटे ‘पाय पंपकिन’ मिळतात. मोठा भोपळा फार आधी कोरू नका, तीन-चार दिवसांत बुरशी धरतो. आम्ही 29 तारखेला कोरतो. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. बिया फेकू नका. गर काढून धुवा, रात्रभर वाळवा, तेल-मीठ आणि थोडा चाट मसाला लावून 325 अंश फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाजा, मधे एकदा हलवा. विकतच्या भाजलेल्या बिया घेऊ नका, त्या बरेचदा सुक्या मेव्याच्याच कारखान्यात भरलेल्या असतात.

थोड्या बिया कच्च्या, वाळवलेल्या बाजूला ठेवा, त्यांची नखं करायची. इथे ‘चेटकिणीची बोटं’ नावाची बिस्किटं सगळीकडे करतात आणि नखाच्या जागी बदाम लावतात. कुणी प्रेमाने आणून दिली तरी हातात घेऊ देऊ नका. घरी करायची तर नानकटाईचं पीठ तूप जरा कमी घालून भिजवा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग करंगळीपेक्षा बारीक वळा, कारण ओव्हनमध्ये फुगतात. सुरीने सांध्यांच्या रेषा पाडा, टोकाला भोपळ्याची बी दाबा, 350 अंशाला पंधरा मिनिटं. शाकाहारी असाल तर आणखी एक लक्षात ठेवा, मार्शमॅलो आणि बऱ्याच गमी कँडींत जिलेटिन असतं.

आता खेळ. आमच्या घरी सगळ्यात चाललेला खेळ पाच दारांचा. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये दारं मोजा, न्हाणीघर, कपड्यांचं कपाट धरून पाच होतात. दिवे घालवायचे, मुलाच्या हातात टॉर्च आणि पिशवी. तो प्रत्येक दार ठोठावून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतो आणि प्रत्येक दारामागे आई किंवा बाबा वेगळं सोंग घेऊन उभे. एका दाराला म्हातारी, एकाला शिंपी, एकाला न बोलणारं भूत. प्रत्येक दारी खाऊ हवा असं नाही. आम्ही दोन दारांना खाऊ, तीन दारांना स्टिकर, साबणाच्या फुग्यांची बाटली, अंधारात चमकणारी कांडी असं देतो. लेकीला खाऊपेक्षा ती कांडीच जास्त आवडायची. चेहरा रंगवणार असाल तर रंगाच्या डबीवरचे घटकही वाचा, काहींत बदामाचं तेल असतं.

त्याला गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा: आयर्लंड-स्कॉटलंडात पूर्वी सलगमचे कंद कोरून दिवे करायचे. तिथली माणसं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आली आणि इथे त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा सापडला. नवीन देशात जे मिळालं त्यात आपला सण बसवला. माझ्या लेकीला ही गोष्ट फार आपली वाटली होती.

शाळेच्या पार्टीबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, पण तेच मला जास्त काळजीचं वाटतं. आमच्या वेळी शाळेच्या कार्यालयाने पेन ठेवून घ्यायचा फॉर्म तीन वेळा परत पाठवला. एकदा सही चुकीच्या चौकटीत, एकदा तारीख नाही म्हणून, एकदा कारणच सांगितलं नाही. तीन आठवडे माझी मुलगी पेनशिवाय वर्गात बसली आणि प्रत्येक फोनला ‘आम्ही काळजी घेऊ’ एवढंच उत्तर. तो राग अजून गेलेला नाही. तोंडी आश्वासनावर थांबू नका. सरकारी शाळा असेल तर 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 खाली (अपंगत्व किंवा अशी गंभीर तक्रार असलेल्या मुलांना शाळेत सोयी मिळवून देणारं कलम) आराखड्याची मागणी लेखी करा, ईमेलने, तारखेसह. त्यात पार्टीचा खाऊ, बसायची जागा, पेन कुठे असेल हे सगळं घाला. मुलाला वेगळ्या टेबलावर एकटं बसवणं हा उपाय नाही, हेही लिहा. पार्टीच्या दिवशी त्याचा खाऊ घरून द्या, बोटं आणि घारगे. तुमचे घारगे मात्र वर्गासाठी पाठवू नका. बहुतेक शाळा घरचं वाटू देत नाहीत, आणि दारावर येणाऱ्या मुलांनाही घरचं देण्याची पद्धत नाही.

दारावर मुलं येणार असतील तर एक मोरपंखी रंगाचा भोपळा बाहेर ठेवा. ‘आमच्याकडे खाऊखेरीज दुसरं काहीतरी मिळेल’ ही त्याची खूण. टेनेसीतल्या अ‍ॅलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाने ते सुरू केलं आणि 2014 पासून ते देशभर झालं. तुमच्या मुलाला दार उघडून पेन्सिली वाटू द्या. त्या संध्याकाळी देणारा तो असतो, आणि हे त्याला फार आवडेल असं मला वाटतं. पुढच्या वर्षी त्याला घेऊन असे भोपळे असलेल्या चार घरी जाऊन बघा. कायम घरात ठेवू नका, हे माझं वैयक्तिक मत, तुमच्या डॉक्टरांचं वेगळं असेल तर त्यांचं ऐका.

पाचवं दार आजीसाठी ठेवा. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे नाशिकला पहाटेचे साडेतीन, म्हणून आमची आई आदल्या दिवशी डोक्यावरून साडी ओढून, मेणबत्ती हातात धरून व्हिडिओ पाठवायची. तो फोन आम्ही कपाटात उशीवर उभा ठेवायचो.