रुग्णालयाबाहेर खिचडी : किती आणि कशी?

प्रश्न : आमच्या ठाण्यातल्या चर्चचा तरुण गट रविवारी उपासनेनंतर कळव्याच्या पालिका रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी देणार आहे. ५० जणांसाठी अंदाज काय धरावा? सोबत येशूची शिकवण सांगणारी पत्रकं वाटावीत का?

उत्तर : तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, तेल अर्धा लिटर. मीठ आधी १५० ग्रॅमच. मग चव बघून वाढवा. खिचडी बिघडते ती बहुधा वेळेमुळे. सातला शिजवून साडेअकराला वाटली, तर कोमट भातात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. तेव्हा दोघातिघांनी उपासना चुकवून चुलीपाशी थांबावं (तीही सेवाच!) आणि उतरवल्यापासून दोन तासांत वाटप उरकावं. ओलं खोबरं नको. खिचडी आळून घट्ट होते, म्हणून थर्मासमध्ये कढत पाणी न्या. रुग्णालयाची परवानगी आधीच घ्या. रुग्णांना मात्र देऊ नका, त्यांचं पथ्य वेगळं असतं.

पत्रकं नकोत. भुकेल्याला नाही म्हणता येत नाही. अशा वेळी सुवार्ता सौद्यासारखी वाटते. बायबलमध्ये मत्तय २५:३५ इथे येशू भुकेल्याला खायला दिल्याचं सांगतो, पत्रक दिल्याचं नाही. कुणी आपणहून विचारलं तर जरूर बोला. फोटोही टाळा, मत्तय ६:३ वाचा : उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. द्रोण ६० घ्या, कचऱ्याच्या पिशव्या आपल्याच.