हॉस्पिटलचं इंटिरिअर: आधी पलंगावर झोपून बघा

नमस्कार ताई,

मुलगी बारावी सायन्सला, चित्रकला उत्तम, आणि आजोबांच्या ऑपरेशनपासून ‘हॉस्पिटलचं इंटिरिअरच करणार’ म्हणतेय. ‘भिंती रंगवायला पदवी कशाला?’ असं तुम्ही विचारलंय.

ताई, यात रंगकाम सर्वांत थोडं. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली.

आता संडासाचं दार घ्या. ते आत उघडणारं असलं आणि पेशंट चक्कर येऊन दारालाच अडून पडला, तर बाहेरून कुणाला आत शिरता येत नाही. म्हणून ते बाहेर उघडणारं हवं, कडी बाहेरूनही उघडणारी हवी. आधाराची दांडी नुसत्या टाइलवर ठोकली तर वजनाने उपटून येते. ती भक्कम भिंतीतच घट्ट बसवावी लागते. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांबी. नाशिकमध्ये राहत्या इमारतीत थाटलेल्या नर्सिंग होमला एवढी जागा मिळत नाही, मग उभा रॅम्प होतो आणि व्हीलचेअर मागे घसरते. चकचकीत टाइलवर दिव्याची तिरीप पडली की म्हातारी माणसं ओलं समजून बिचकतात. पिवळ्या भिंतीची झाक अंगावर पडली तर कावीळ ओळखायला डॉक्टरांचा गोंधळ होतो. पलंगाच्या बरोबर वर लावलेला उघडा दिवा तर उताण्या पेशंटच्या दिवसभर डोळ्यांत. नकाशा टेबलावर बघणाऱ्याला हे सुचतच नाही.

तिला मॅथ्स आहे का, ते पत्रात नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. बी.आर्च.ला, म्हणजे आर्किटेक्टच्या पदवीला, फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. पाच वर्षं, प्रवेश नाटा किंवा जेईई पेपर दोन या प्रवेश परीक्षांमधून. मॅथ्स नसेल तर चार वर्षांचं बी.डिझाइन, तिथे बहुतेक ठिकाणी कोणतीही शाखा चालते. मात्र नुसत्या इंटिरिअर डिझायनरला महापालिकेत जाणाऱ्या नकाशावर सही करता येत नाही. मॅथ्स असेल तर माझं मत सरळ बी.आर्च.च्या बाजूने आहे. इंटिरिअर नंतरही करता येतं.

परीक्षा झाल्यावर ओळखीच्या एखाद्या छोट्या नर्सिंग होमची परवानगी घ्या. तिने टेप आणि वही घेऊन रिकाम्या पलंगावर दहा मिनिटं पडावं, काय दिसतं ते काढावं. दारांची रुंदी मोजावी, पलंगापासून संडासापर्यंतची पावलं मोजावीत, वाटेत हात धरायला काय आहे ते टिपावं. रात्री नर्सच्या टेबलापासून कोणता पलंग दिसत नाही, हे सिस्टरना विचारावं. फोटोत पेशंट किंवा केसपेपर येऊ देऊ नये. अशी तीन ठिकाणं झाली की वही मला दाखवा.