ठेवीवरचे व्याज आणि ठेवीमागची हमी
वाचकांचे प्रश्न : कुटुंबाचे अर्थकारण

प्रश्न : माझे वडील एस. टी. महामंडळातून निवृत्त झाले, त्याला पाच वर्षे झाली. आता त्यांचे वय ६३ आहे. निवृत्तीनंतर मिळालेल्या २२ लाख रुपयांपैकी १४ लाख त्यांनी गावातील नागरी सहकारी पतसंस्थेत दहा टक्के व्याजाने ठेवले आहेत आणि उरलेले ८ लाख तालुक्याच्या सहकारी बँकेत एकट्याच्या नावावर मुदत ठेवीत आहेत. पतसंस्थेचे अध्यक्ष त्यांचे वर्गमित्र आहेत, पिग्मीचा (रोजच्या छोट्या बचतीचा) प्रतिनिधी रोज दारावर येतो आणि आजवर एकदाही व्याज चुकलेले नाही. मी पुण्यात नोकरी करतो. हा विषय काढला की ‘तुझा माणसांवर विश्वासच नाही’ असे म्हणून वडील बोलणे थांबवतात. पैसे काढून घ्यावेत का आणि कुठे ठेवावेत?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : पैसे काढून घ्यावेत, मात्र एकदम नव्हे आणि वडिलांना चूक ठरवून तर मुळीच नव्हे.

वडिलांशी बोलताना संस्था चांगली की वाईट, अध्यक्ष प्रामाणिक की अप्रामाणिक, या वादात शिरू नये. त्या वादाला अंत नाही आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंधही नाही. पतसंस्थेतील ठेवीला विमा नसतो, एवढी एकच गोष्ट त्यांच्यासमोर ठेवावी. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहकार खात्याचे नियंत्रण असते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो, म्हणून ठेव विमा महामंडळाचे संरक्षणही तिच्या ठेवीदारांना मिळत नाही. एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या, ‘मल्टिस्टेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पतसंस्थांची नोंदणी केंद्रीय निबंधकांकडे असते, तरीही विम्याच्या बाबतीत त्यांची स्थिती हीच आहे. पाटी मोठी, शाखा वातानुकूलित आणि पासबुक हुबेहूब बँकेसारखे असल्यामुळे हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. परवाना नसताना नावात ‘बँक’ हा शब्द वापरणाऱ्या सहकारी संस्थांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले होते.

बँकांतील ठेवींना विमा मिळाला त्यामागे आपल्याकडची एक घटना आहे. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा दर ठेवीदारामागे मर्यादा अवघी १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाखावर गेली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली. या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काहीही द्यावे लागत नाही. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध घातले, तर विम्याची रक्कम ठेवीदाराला साधारणपणे ९० दिवसांत मिळते. पतसंस्था अडचणीत आल्यावर मात्र प्रशासक, अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी), थकबाकीची वसुली, तारण मालमत्तेचा लिलाव असा लांबचा रस्ता उरतो आणि त्या रस्त्यावर उतारवयातील माणसाची वर्षे जातात.

आता हिशेब पाहू. वडिलांना १४ लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला १,४०,००० रुपये मिळतात. हीच रक्कम पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने ठेवली तर १,१४,८०० रुपये मिळतील. फरक वर्षाला २५,२०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला २,१०० रुपयांचा आहे. या २,१०० रुपयांसाठी १४ लाखांचे मुद्दल ठेव विम्याच्या संरक्षणाशिवाय राहते, हे आकडे त्यांच्यासमोर कागदावर मांडावेत. आयुष्यभर पगारातून घर चालवलेल्या माणसाला आकडे पटतात. ‘विश्वास’ या शब्दावर वाद घातला, तर तो वर्गमित्राच्या बाजूनेच उभा राहणार आणि त्यात गैर काही नाही.

काढण्याची रीत अशी ठेवावी. घरातील सगळ्या पावत्या एकत्र करून मुदतीच्या तारखेप्रमाणे लावाव्यात. जी ठेव पिकेल ती पुन्हा गुंतवू नये. रक्कम खात्यात जमा करण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. ज्यांची मुदत लांब आहे, त्या मुदतीपूर्वी मोडल्यास किती व्याज कापले जाते, हे विचारून मग ठरवावे. पिकलेल्या ठेवीची रक्कम देताना ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘निम्मी घ्या, निम्मी रिन्यू करा’ अशी भाषा सुरू झाली, तर व्याजाच्या नुकसानीचा विचार न करता उरलेल्या ठेवीही मागाव्यात आणि दाद न लागल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करावी.

वडील सभासद असतील, तर शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याचा हक्क त्यांना सहकार कायद्याच्या कलम ३२ ने दिला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या अहवालातील थकबाकीचे पान, संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांची माहिती आणि लेखापरीक्षणात संस्थेला मिळालेला वर्ग (श्रेणी), एवढे तरी वडिलांनी स्वतः वाचावे. हा अहवाल बहुतेक घरांत न वाचताच रद्दीत जातो, याचे मला फार वाईट वाटते. वर्षभरात संस्थेने काय केले, हे ठेवीदाराला लेखी कळण्याचे याहून सोपे साधन दुसरे नाही.

पतसंस्थेशी असलेला संबंध मात्र तोडू नये. भाजीवाले, रिक्षाचालक, छोटे दुकानदार यांना बँक ज्या रकमेचे कर्ज देताना टाळाटाळ करते, ते पतसंस्था देते आणि गावाचा कितीतरी व्यवहार त्यावर चालतो. वडिलांचे सभासदत्व आणि रोजची पिग्मी चालू राहू द्यावी. गेली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम तिथे असावी.

निघालेल्या १४ लाखांपैकी दोन लाख दवाखान्यासारख्या अडचणीसाठी बँकेत हाताशी ठेवावेत आणि १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावेत. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला या योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. मुदत पाच वर्षांची असते, मागे केंद्र सरकारची हमी असते आणि खाते उघडताना असलेला दर त्या खात्यापुरता मुदतभर बदलत नाही. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, म्हणून खाते उघडण्याआधी पोस्टात विचारून घ्यावे. १२ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २४,६०० रुपये येतील. वर्षाच्या आत खाते बंद केल्यास व्याज मिळत नाही, यासाठीच आधी दोन लाख बाजूला ठेवायला सांगितले.

राहिला प्रश्न सहकारी बँकेतील ८ लाखांचा. विम्याची पाच लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी त्यासाठी एकत्र धरल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या शाखेत पावती केल्याने काहीच साधत नाही. एकट्याच्या नावावरची ठेव आणि संयुक्त नावावरची ठेव मात्र वेगवेगळ्या धरल्या जातात. ४ लाख वडिलांच्या नावावर आणि ४ लाख आई-वडिलांच्या संयुक्त नावावर ठेवले, तर त्याच बँकेत सगळी रक्कम व्याजासह विम्यात बसते. त्या बँकेचे कर्ज वडिलांच्या नावावर असेल, तर ते विम्याच्या रकमेतून वजा होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वीस जणींची दरमहा २,००० रुपयांची भिशी आहे. ही चांगली बचत समजावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शिस्त लागते म्हणून चांगली, व्याज मिळत नाही म्हणून अपुरी. पहिली चिठ्ठी जिची निघते, तिला ४०,००० रुपये एकदम मिळतात, त्यांतले तिचे स्वतःचे २,००० सोडले तर बाकीचे बिनव्याजी उसनेच असतात आणि शेवटच्या चिठ्ठीची बाई एकोणीस महिने इतरांना असे उसने देत राहते. एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांनी वहीत सह्या घेऊन चालवलेल्या भिशीला माझा विरोध नाही. बाहेरचा कोणी कमिशन घेऊन लिलाव-भिशी चालवत असेल, तर त्यात पडू नये. मुलांच्या फीसारखा ठरलेल्या तारखेचा खर्च भिशीवर अवलंबून ठेवू नये. त्यासाठी बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेव काढावी.

प्रश्न : आईच्या मुदत ठेवींवर मोठ्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे. आईच्या पश्चात ती रक्कम पूर्णपणे माझीच, असे तो म्हणतो. आम्ही दोघी बहिणी आहोत, वडील हयात नाहीत.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : भावाचा समज बरोबर नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते ते तिची जबाबदारी संपावी म्हणून. नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. आईने मृत्युपत्र केले नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या रकमेवर तिन्ही मुलांचा सारखा हक्क राहील.

आई आहे तोवरच हा विषय तिच्यासमोर, तिघांनी एकत्र बसून बोलावा आणि निर्णय तिच्यावर सोडावा. पैसे तिचे आहेत. तिला वाटणी वेगळी करायची असेल, तर मृत्युपत्र करावे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार हवेत आणि ते वाटणीत हिस्सा नसलेले असावेत. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावून प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. आईला तिन्ही मुलांची नावे हवी असतील, तर बँकेत नवा अर्ज भरावा, पोच घ्यावी आणि पासबुकावर व ठेवीच्या पावतीवर नामनिर्देशन नोंदल्याचा शेरा आला आहे का, हे आईसोबत जाऊन पाहावे.